धड काय आणि चिंध्या काय

गेल्या गणपतीत कराडच्या घरी आरती झाली, प्रसादाची ताटली हातात आली आणि थोरल्या काकांनी दरवर्षीचा प्रश्न विचारला, "मग, सध्या काय चालू आहे?" प्रश्न नोकरीबद्दल नव्हता. मी पुण्यात एका कंपनीत पाच वर्षं सॉफ्टवेअर लिहितो, पगार वेळेवर होतो, त्यामुळे तो विषय काकांच्या लेखी संपलेला आहे. त्यांना जाणून घ्यायचं होतं की यंदा नवीन खूळ कोणतं.

मी म्हणालो, मोडी शिकतोय. "आणि ते गवत?" तेही चालू आहे. "नाटकाचे लाइट?" डिसेंबरात एक प्रयोग आहे. "तबला?" तबला सोडला. काकांनी मोदक संपवला, हात पुसले आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

सगळे हसले. मीही हसलो. हसताना माझं लक्ष मखराकडे गेलं. तिथे बसला होता चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती. चौसष्ट! दहा दिवस आपण त्याच्यापुढे हात जोडतो आणि अकराव्या दिवशी घरातल्या पोराला सांगतो, एकच काहीतरी धर. त्याच्या डोक्यावर वाहिलेली दूर्वा हेही एक गवतच, पण ते तेव्हा सुचलं नाही. वाद घालताना मुद्दे मला नेहमी दोन दिवसांनी सुचतात. या वेळी बरेच महिने लागले, इतकंच.

काकांवर माझा राग नाही. सेमिस्टरची फी भरायला बाबांकडे पैसे कमी पडले तेव्हा काकांनीच दिले होते. माझं भांडण त्या म्हणीशी आहे. ही म्हण मी दहावीत ऐकली, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी विषय राहिला तेव्हा ऐकली, आणि आता २८ व्या वर्षी ऐकतो आहे. माझ्यासारख्या अनेकांनी ती इतक्या वेळा ऐकलेली असते की शेवटी ती बाहेरून यायची गरजच उरत नाही. रविवारी सकाळी टेकडीवर गवताची ओंबी हातात घेऊन उभा असताना आतूनच आवाज येतो, हे काय करतोयस? त्या वेळात काहीतरी धड केलं असतंस.

म्हण कापडाची आहे. धड म्हणजे सलग, न फाटलेलं वस्त्र. म्हणजे माणूस हे कापडाचं एक ठाण आहे आणि त्याने प्रत्येक नव्या गोष्टीत हात घातला की ठाणाचा एक तुकडा फाडला जातो, असं या म्हणीने गृहीत धरलं आहे. मोडीला इतका, नाटकाला इतका, उरलं काय? हिशोब वरवर बरोबर वाटतो, कारण दिवसाचे तास खरोखरच मोजके आहेत. पण माणसाचं कुतूहल कापडासारखं मोजून येत नाही. मोडी शिकायला लागल्यापासून माझं नाटकावरचं प्रेम एक इंचही कमी झालेलं नाही. कमी झाली ती झोप.

आणि ही म्हण सगळ्यांना सारखी लागूही होत नाही. एकच माणूस लिहितो, पेटी वाजवतो, चाली लावतो, सिनेमा काढतो, नाटकात काम करतो. तो पु. ल. देशपांडे असेल तर आपण त्याला अष्टपैलू म्हणतो. नाक-कान-घशाचा सर्जन संध्याकाळी तालमीला जातो. तो श्रीराम लागू असेल तर ती तपश्चर्या. राम गणेश गडकरी नाटकं लिहायचे, गोविंदाग्रज होऊन कविता करायचे आणि बाळकराम होऊन विनोद. या तिघांना मिळून आपण एक थोर लेखक मानतो. यातलं काहीच माझ्या कराडच्या घरात कुणाला खटकत नाही. वागणं तेच आहे. फरक यशाचा आहे आणि यश नंतर येतं. म्हणजे परवानगी आधी हवी असते आणि आपण ती नंतर देतो. ‘अष्टपैलू’ हा शब्द गौरव अंकांसाठी आणि शोकसभांसाठी राखून ठेवलेला आहे. जिवंत, अठ्ठावीस वर्षांच्या, अजून काहीच न झालेल्या माणसासाठी घरात चिंध्याच आहेत.

इथे कुणीतरी म्हणणारच, "तू काय स्वतःला पु. ल. समजतोस का?" नाही समजत. मुद्दा नेमका तोच आहे. पण त्याच्याकडे येण्याआधी एका माणसाबद्दल सांगतो, ज्याचं नाव माझ्यापर्यंत ऑफिसच्या कामातून आलं.

माझ्या कामात खूप मोठा विदा थोडक्यात बसवण्याची एक गणिती पद्धत लागते. तिच्या मुळाशी असलेल्या प्रमेयाला सगळीकडे कारहुनेन आणि लोएव्ह या दोन गणितज्ञांचं नाव आहे. एका ठिकाणी त्यांच्या आधी तिसरं नाव दिसलं, कोसंबी. मला वाटलं छपाईची चूक असेल. कोसंबी म्हणजे प्राचीन भारताच्या इतिहासाचे, मार्क्सवादी अभ्यासक, ‘मिथ अँड रिॲलिटी’वाले. कुणी नातेवाईक असावेत. नव्हते. तेच ते दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७, गोव्यात. हार्वर्डची पदवी. फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. आज मी वापरतो त्या पद्धतीचं मूळ सांगणारा त्यांचा निबंध १९४३ सालचा, म्हणजे ज्यांचं नाव प्रमेयाला चिकटलं त्या दोघांच्या आधीचा. त्याच सुमारास त्यांनी जनुकांमधलं अंतर मोजण्याचं एक सूत्र दिलं, जे आनुवंशशास्त्रात आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. आणि याच वर्षांमध्ये ते काय करत होते? जुनी नाणी वजन करत होते.

आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेले चांदीचे तुकडे. नाणं हातोहाती फिरतं तसं झिजतं, आणि झीज मोजता आली तर कोणतं नाणं किती काळ फिरलं हे ठरवता येतं, असा त्यांचा विचार. मग तक्षशिलेला सापडलेले नाण्यांचे साठे त्यांनी घेतले, एकेक नाणं तराजूत घातलं, अशी हजारो. झिजेचा नियम तपासायला आपल्या काळातली, रोजच्या वापरातली नाणीसुद्धा मोजली. संस्कृतकडे वळले तर भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखितं ताडून १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. पुण्याच्या टेकड्यांवर फिरताना अश्मयुगीन दगडी हत्यारं गोळा केली. गावोगावच्या, तिठ्यावरच्या शेंदूर फासलेल्या देवतांची स्थानं पायी हिंडून नोंदवली आणि जुन्या व्यापारी वाटांशी त्यांचा संबंध जोडला. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं पुस्तक आलं आणि इतिहास लिहिण्याची रीतच बदलली. यातलं बरंचसं करताना ते नोकरीला होते मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, गणितज्ञ म्हणून. पुण्याहून डेक्कन क्वीनने जायचे.

ही गोष्ट इथे संपवली तर छान वाटेल, पण ते खोटं होईल. गणितातल्या लोकांना वाटत होतं की हा माणूस नाण्यांत आणि दगडांत वाया जातोय. इतिहासातल्या अनेकांना वाटत होतं की हा उपरा आहे. १९५९ मध्ये त्यांनी गणितातल्या सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक, रीमानचं अनुमान, सोडवल्याचा दावा कृषी-सांख्यिकीच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केला. तो टिकला नाही आणि त्यांच्या नावाला बट्टा लागला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. त्यामागे कारणं एकाहून अधिक होती. अणुऊर्जेबद्दलची त्यांची जाहीर मतं होती, संस्थेतले मतभेद होते. ज्या होमी भाभांनी त्यांना तिथे बोलावलं होतं ते भाभा स्वतः चित्रं काढायचे, पाश्चात्त्य संगीताचे दर्दी होते. दोन चौरस माणसंसुद्धा एका इमारतीत नीट नांदतीलच असं नाही. चार वर्षांनी, १९६६ मध्ये, कोसंबी पुण्यात गेले. वय जेमतेम अठ्ठावन्न.

मी हे का सांगतोय? ‘बघा, कोसंबींनी केलं, मग मलाही करू द्या’ असं म्हणायला नाही. तो युक्तिवाद लंगडा आहे. दहा हजारांत एखादा कोसंबी निघतो, उरलेल्यांचं काय? मी हे सांगतोय कारण तराजूसमोर बसून पाचशेवं नाणं मोजत असलेल्या माणसाकडे १९४१ साली कुणी पाहिलं असतं, तर त्याला काय दिसलं असतं? गणिताचा एक मास्तर, कामधाम सोडून चांदीचे तुकडे वजन करतोय. चिंध्या! त्या क्षणी कोसंबी आणि माझ्यासारखा गवत गोळा करणारा माणूस यांच्यात बाहेरून काहीही फरक दिसत नाही. आणि ज्या घरात, ज्या कॉलेजात, ज्या ऑफिसात तो क्षण हसण्यावारी नेला जातो, तिथे पुढचा कोसंबी होत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे साधा, आनंदी, चार गोष्टींत रमणारा माणूसही होत नाही. मला त्या दुसऱ्या माणसाची जास्त काळजी आहे.

त्या माणसाचा बचाव करायला हल्ली बरेच लोक पुढे येतात, आणि मला विरोधकांपेक्षा हे मित्र जास्त घातक वाटतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या अप्रेझलच्या फॉर्मवर ‘कामाबाहेरील आवडी’ असा रकाना होता. मॅनेजर भला माणूस. म्हणाला, "नुसतं नाटक लिहू नको. नाटकामुळे टीमवर्क सुधारतं असं लिही." मी लिहिलं. रेटिंगही बरं मिळालं. बसमध्ये बसल्यावर लाज वाटली. तालमीत रात्री दीड वाजता मी शिडीवर चढून पार कॅनचा कोन अर्ध्या इंचाने बदलत असतो, कारण त्या नटीचा चेहरा अंधारातून उजेडात येताना मध्येच तुटतोय. त्या वेळी माझ्या मनात टीमवर्क नसतं. खरं तर मी खालच्यांवर ओरडत असतो.

या मित्रांची आवडती गोष्ट स्टीव्ह जॉब्जची आहे. त्याने कॉलेजात सुलेखनाचा वर्ग केला आणि दहा वर्षांनी मॅकिन्टॉशवर सुंदर अक्षरं आली, असं त्याने २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या भाषणात सांगितलं. बघा, काही वाया जात नाही! पण मॅकिन्टॉश निघालाच नसता तर तो वर्ग वाया गेला असता का? त्या मुलाने ते सुंदर अक्षर पाहिलं, हाताने गिरवलं, त्याला आनंद झाला, तो काय फक्त दहा वर्षांनी वटवायचा चेक होता? गोधडीची उपमाही मी अनेकदा ऐकली आहे. चिंध्यांचीच तर ऊबदार गोधडी होते, वगैरे. आज्जीच्या गोधडीत मी वाढलो, तिला मी नावं ठेवणार नाही. पण चिंधीची गोधडी झाली म्हणून चिंधी चांगली, हाही शेवटी उपयोगाचाच हिशोब झाला.

गवत ओळखायला शिकल्यामुळे माझा कोड सुधारला नाही. कुसळी नावाचं एक गवत पुण्याच्या टेकड्यांवर पावसाळ्यानंतर सगळीकडे असतं. फिरून आलात की मोज्यांमध्ये जे टोचतं ते त्याचंच बी. त्या बीला एक लांब पीळ असलेलं शेपूट असतं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या पिळापिळीत बी स्वतःला जमिनीत खुपसत जातं. हे मी पहिल्यांदा तळहातावर थेंबभर पाणी टाकून पाहिलं तेव्हा टेकडीवर एकटाच मोठ्याने हसलो. या हसण्याचा मला काहीही उपयोग झालेला नाही. मोडीचंही तसंच. आधी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची, हात उचलायचा नाही, शब्द कुठे संपतो ते वाचणाऱ्याने ओळखायचं, ऱ्हस्व-दीर्घ तर नाहीच. अर्ध्या तासात माझ्या दोन ओळी वाचून होतात. घरातल्या ट्रंकेतला एक कागद लावायला मला तीन महिने लागले. निघालं काय, तर पणजोबांनी बैलासाठी काढलेलं कर्ज. ते कधीच फिटलं आहे, बैलही राहिला नाही. पण ज्यांचा फोटोही घरात नाही अशा माणसाची एक अडचण मी त्याच्या काळाच्या अक्षरात वाचली. याचं चॅनल काढता येईल असं मला दोघांनी सुचवलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एका गोष्टीला दहा हजार तास द्यावे लागतात, तेव्हा कुठे माणूस काही होतो. माझ्या पिढीतल्या प्रत्येक इंजिनीअरने हा आकडा कधी ना कधी भिंतीवर लावलेला आहे. तो आला माल्कम ग्लॅडवेलच्या २००८ च्या पुस्तकातून, आणि त्यामागे होता अँडर्स एरिक्सन यांचा १९९३ चा बर्लिनच्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास. दहा हजार ही तिथल्या उत्तम विद्यार्थ्यांची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती. इतके तास भरले की सिद्धी मिळते असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं, आणि एरिक्सन यांनीही नंतर हेच सांगितलं. तरी आकडा खरा धरू. रोज दोन तास, एकही दिवस खाडा न करता, तर पावणेचौदा वर्षं. जो गायक अशी चौदा वर्षं देतो त्याच्यापुढे मी मान खाली घालतो. मेंदूचं ऑपरेशन करणारा डॉक्टर मलाही मुरलेलाच हवा. पण प्रत्येकाने प्रत्येक गोष्टीत मुरलंच पाहिजे, नाहीतर तिला हातच लावू नये, हे कुणी ठरवलं? सवाई गंधर्व महोत्सवात मांडवभर माणसं बसतात. त्यातल्या किती जणांनी कधीतरी दोन वर्षं तबला किंवा पेटी शिकून सोडलेली असते! त्या सोडलेल्या दोन वर्षांमुळेच त्यांना समेवर दाद देता येते. मुरलेल्या कलावंताला असे अर्धवट शिकलेले हजारो लोक लागतात. नाहीतर तो गाणार कुणासमोर?

आणि वेळेचा हिशोब मांडायचाच असेल तर पूर्ण मांडू. आठवड्याचे १६८ तास. झोपेचे ५६, ऑफिसचे ५०, हिंजवडीला जायचे-यायचे १०, स्वयंपाक-धुणं-बाजार २०. उरले ३२. यातले माझे नाद मिळून १२ खातात. उरलेले २० कुठे जातात ते फोन मला दर रविवारी आकड्यानिशी सांगतो. त्या पडद्यावर एका तासात शंभर विषय सरकतात. एक स्वयंपाकाचा, एक युद्धाचा, एक मांजरीचा, एक शेअर बाजाराचा. भाराभर चिंध्या म्हणायचं तर याला म्हणा! पण दिवाणखान्यात चौघं चार फोन घेऊन बसलेली असतात तेव्हा ही म्हण कुणालाच आठवत नाही. मी भिंगातून गवत बघायला लागलो की मात्र आठवते.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळं लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

माझ्या आईने लग्नाआधी पेटीच्या परीक्षा दिल्या होत्या, गांधर्व महाविद्यालयाच्या, प्रवेशिका पूर्णपर्यंत. पेटी माहेरहून तिच्याबरोबर आली आणि माझ्या जन्मानंतर माळ्यावर गेली. त्यानंतर तिने काय काय केलं याची यादी केली तर माझी यादी लाजेल. क्रोशाची तोरणं. शब्दकोडी, तीही पेनने. अंगणात चार रंगांची अबोली. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे रेशन कार्डापासून पेन्शनपर्यंतचे अर्ज तिने लिहिले, इतके की नगरपालिकेतले कारकून तिचं अक्षर ओळखतात. आणि हे सगळं करणाऱ्या माझ्या आईला ‘एक ना धड’ असं कुणी, कधीही म्हटलेलं नाही. बरेच दिवस मला हे तिचं भाग्य वाटायचं. मग लक्षात आलं की तिच्याकडून काही धड होईल अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. त्यामुळे अपेक्षाभंगही नव्हता. पुरुषाचा नाद असतो, त्यावर निदान भांडण होतं. बाईची हौस असते. ती सगळं आवरून झाल्यावर करायची असते.

‘एकच धर’ हा सल्ला ज्या समाजात दिला जातो, त्या समाजात कोणतं एक धरायचं हे माणसाने ठरवायचंच नव्हतं, हा इतिहासही फार जुना नाही. सुताराच्या घरी सुतार, कुंभाराच्या घरी कुंभार. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिलं की जात ही नुसती श्रमांची विभागणी नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे, आणि तिच्यात माणसाच्या स्वतःच्या आवडीला, कलाला जागाच नाही. तेच आंबेडकर अर्थशास्त्र, कायदा, इतिहास, धर्म असं सगळं धुंडाळत उतारवयात व्हायोलिन शिकत होते. त्या दडपणाची आणि माझ्या काकांच्या टोमण्याची तुलना करायचा उद्धटपणा मी करणार नाही. माझ्याकडे पगार आहे, स्वतःची खोली आहे, रविवार आहे. ज्याला पोटासाठी तीन कामं करावी लागतात त्याला कुणी चौरस म्हणत नाही, गरीब म्हणतात. पण म्हणूनच मला वाटतं, अनेक गोष्टींत रमण्याचा हक्क ही सुखवस्तू पोरांची चैन समजून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. तो ज्यांना मिळाला नाही, त्यांची यादी माझ्याच घरात सुरू होते.

आता माझ्या जातकुळीच्या लोकांशी दोन शब्द. काकांची बाजू इथे थोडी खरी आहे. आपल्यातले कित्येक जण ‘मी क्रिएटिव्ह आहे’ या वाक्यावर जगतात. महागडा कॅमेरा घेतला, तीन फोटो काढले. उकुलेले घेतलं, दोन गाणी. मग नवीन वस्तू आणि नवीन बायो. ही खरेदीची आवड आहे, तिला छंद म्हणू नये. सुरुवात करण्यात धुंदी असते. दुसऱ्या महिन्यात, जेव्हा मोडीतला व आणि ब वेगळा दिसत नाही आणि वर्गातली सत्तर वर्षांची आजोबा मंडळी घडाघडा वाचतात, तेव्हा ती उतरते. तिथून पुढे जे उरतं तेच खरं. म्हणून मी स्वतःला काही बंधनं घातली आहेत. एका वेळी तीनच नाद. नवा घेतला तर वर्षभर सोडायचा नाही. आणि ज्यात दुसरी माणसं आहेत, त्यात दिलेला शब्द मोडायचा नाही. प्रयोगाच्या दिवशी ताप असला तरी लाइटच्या टेबलावर मीच.

हे शहाणपण तबल्याने शिकवलं. तीन वर्षं शिकलो आणि एके दिवशी जायचं बंद केलं. सरांचे दोन फोन आले, उचलले नाहीत. नंतर एका कार्यक्रमात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "तुझा हात बरा होता. सोडलास त्याचं काही नाही, सांगून सोडायचं होतंस." चिंध्या म्हणून कुणी हिणवलं त्यापेक्षा हे जास्त लागलं. गोष्ट सोडण्यात पाप नाही. तिला आणि ती देणाऱ्या माणसाला फसवण्यात आहे. किंमतही मोजावी लागते, ती मी मोजतो. माझ्या बरोबरीचे दोघं टीम लीड झाले, मी झालो नाही. कोणत्याच गोष्टीत मी पहिल्या रांगेत बसणार नाही हे आता जवळपास नक्की आहे. रात्री कधीकधी याची भीतीही वाटते. पण जे आयुष्य मला आतून ओळखीचं वाटतं ते हेच आहे. आणि त्याबद्दल माफी मागत जगायचं मी बंद केलं आहे.

दिवाळीत आईची पेटी माळ्यावरून काढली. भाता उंदरांनी कुरतडला होता, तीन सूर बंद होते. मिरजेला नेऊन दुरुस्त केली. आईने आधी ती पुसली, मग बराच वेळ नुसती समोर ठेवली. म्हणाली, "आता या वयात काय उपयोग?" मी ऑफिसात, घरात, फॉर्मवर इतकी वर्षं ऐकलेला प्रश्न, तोही तिच्या तोंडून! मी काही बोललो नाही. तिने सा लावला. बोटं जड झाली आहेत, काळी पट्टी चुकते, चूक झाली की ती चुकचुकते आणि पहिल्यापासून सुरू करते. हल्ली गुरुवारी भजनी मंडळात घेऊन जाते. धड वाजत नाही असं स्वतःच सगळ्यांना सांगते आणि तासभर वाजवते.

काका, हे तुमच्यापर्यंत पोचेल, कारण घरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकेलच. यंदा आरतीला पेटी असणार आहे. प्रसाद झाल्यावर तुम्ही विचारालच, सध्या काय चालू आहे? माझं उत्तर तुम्हाला माहीत आहे. या वेळी आधी आईला विचारा.